हँड्सफ्री असून हात फोनकडेच जातो, त्याला काय करायचं?

पौडरोडकर:
परवा चांदणी चौकातून खाली उतरत होतो. गाणं अचानक थांबलं, गाडीच्या स्क्रीनवर काहीच नाही, आणि शेजारच्या सीटवर मोबाइल कोकलतोय. बायकोचा फोन. एका हाताने चाचपडत उचलला, खोटं कशाला बोलू. गाडी २०१७ची, मोबाइल नवा. आधीच्या मोबाइलवर सगळं सुरळीत होतं. आता गाणी वाजतात, कॉल नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो फोनचा दोष, फोनवाला म्हणतो गाडीचा. फोन हातात धरला की दंड आमच्याकडून घेता, मग कुठलाही फोन कुठल्याही गाडीशी जुळलाच पाहिजे ही सक्ती कंपन्यांवर का नाही? युरोपने २०२४च्या अखेरीस नव्या मोबाइलना चार्जिंगसाठी एकच टाइप-सी भोक लावायला लावलंच ना!

तारेवरची कसरत:
मानक आहे हो. फक्त ते एक नाही, चार-पाच आहेत. ब्लूटूथवर गाण्यांसाठी ए-टू-डी-पी, कॉलसाठी एच-एफ-पी, नंबरांच्या यादीसाठी तिसरंच. एक जुळलं म्हणून दुसरं जुळेल असं नाही, तुमचं नेमकं तेच झालंय. फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावापुढे दातेरी चाक दिसेल, ते दाबून 'कॉल' चालू आहे का बघा. नसेल जमत तर जोडणी दोन्हीकडून पुसा, नुसती फोनमधून नव्हे.
आणि टाइप-सीचं कौतुक जरा जपून. भोक एकच झालं तरी स्वस्तातल्या कित्येक केबलींत डेटाच्या ताराच नसतात. फोन चार्ज होतो, पण फोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं अँड्रॉइड ऑटो ढिम्म. माणूस गाडीला शिव्या घालत बसतो.

नवलेपूल रोजचा:
तुमची ब्लूटूथची पंचायत चालू दे, पण मुळात बोलायचंच कशाला? अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६मध्ये सिम्युलेटरवर ताडून पाहिलं होतं: हातात धरून बोला नाहीतर हँड्सफ्री, ब्रेकवर पाय उशिराच जातो. तिथल्या अपघात तपासणाऱ्या एनटीएसबीने २०११मध्ये हँड्सफ्रीसकट बंदीची शिफारस केली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत कलम १८४ हातात धरलेल्या उपकरणापुरतंच बोलतं, म्हणून सगळे निर्धास्त.
कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार माहितीये ना? शेजारी बसलेला माणूस मागचा ट्रक बघून आपोआप गप्प होतो. फोनवरच्या साहेबांना ट्रक दिसत नाही, ते एक्सेल शीटबद्दल विचारत राहतात. ताशी ६०ने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते.

पौडरोडकर:
संशोधन मान्य. पण हिंजवडीहून घरी यायला दीड तास लागतो आणि घरी वडील आजारी आहेत. फोन बंद ठेवू? संपूर्ण बंदी पुण्यात कोण पाळणार, हेल्मेटसक्तीचं काय झालं ते आठवा. कागदावरच्या बंदीपेक्षा चालणारं हँड्सफ्री बरं.

नवलेपूल रोजचा:
वडिलांसाठी कोण नाही म्हणतंय? वाजला, कडेला थांबा, बोला. दीड तासात ट्रॅफिक तुम्हाला तसंही वीस वेळा थांबवतं.

अ‍ॅक्टिव्हावाली:
चारचाकीत एसी लावून भांडताय. आमच्याकडे हेल्मेटात मोबाइल कोंबला की झालं हँड्सफ्री! :)

तारेवरची कसरत:
@नवलेपूल, पटतंय अर्धं. पण कॉल न जुळल्याने जो माणूस नजर काढून सीटवर चाचपतो, तो बोलणाऱ्यापेक्षा वाईट. त्याची तरी सोय करा.

पौडरोडकर:
चाक दाबलं. 'कॉल' बंदच होतं! बायकोला लावून पाहिला, स्पीकरवर खणखणीत. (गाडी पार्किंगमध्ये उभी होती, नवलेपूलवाले, लगेच सुरू होऊ नका.) पण दोन सर्व्हिस सेंटरं फिरलो, एकालाही हे बटण ठाऊक नसावं? सक्तीवर मी अजून ठाम आहे.

नवलेपूल रोजचा:
आणि मी बंदीवर. वडिलांना बरं वाटू दे.