आत गेल्यावर नेमकं काय विचारतात?

मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्याखाली पहिल्यांदा गाडी लावली तेव्हा मी पंधरा मिनिटं गाडीवरच बसून होते. समोरच्या मेडिकलमध्ये आमच्या सोसायटीतल्या काकू उभ्या होत्या. त्या गेल्या, मग मी वर गेले. पण काकू हा बहाणा होता. वर काय होणार हेच मला माहीत नव्हतं. दात काढायला जाताना निदान कल्पना असते. इथे काय? कोचावर झोपवतात? लहानपणचं उकरून काढतात? रडायला लावतात?

'नैराश्याची दहा लक्षणं' छापाचं मराठीत ढिगाने सापडतं. दाराच्या आत काय होतं ते कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. सल्ले नकोत, योगासनं नकोत (मी स्वतः करते, आसनांशी माझं वैर नाही). तपासताना काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, काय लपवलं, औषध लागू पडलं की नाही, ते लिहा. डॉक्टरांची, हॉस्पिटलची नावं नकोत. गोळीचं नाव लिहिलंत तर चालेल, पण ते वाचून कुणी दुकानातून गोळी आणू नये. आणि आत्ता या घडीला जगणंच नकोसं झालं असेल तर धागा वाचत बसू नका, १४४१६ लावा. टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं.

सुरुवात माझ्यापासून. वय ४४, सहकारी बँकेत नोकरी. माझं दुखणं पोटातून सुरू झालं. वर्षभर ॲसिडिटी. एंडोस्कोपी झाली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. पहाटे साडेतीनला डोळे टक्क उघडे. वजन सात किलोंनी उतरलं तर ऑफिसात बायका विचारायच्या, "कुठलं डाएट गं?" रडू अजिबात येत नव्हतं, त्यामुळे डिप्रेशन वगैरे डोक्यातही आलं नाही. लेकीला दहावीत ९४ टक्के पडले, पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात होता आणि मला काहीच वाटलं नाही. म्हणजे वाईटसुद्धा नाही. ते मी फॅमिली डॉक्टरांना सहज बोलून गेले आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

आत कोच नव्हता. टेबल, तीन खुर्च्या, आणि टिश्यूच्या डब्याशेजारी कुणीतरी विसरलेली छत्री. नवरा सोबत होता आणि माझ्या वतीने उत्तरं देत होता. "तिला ना डॉक्टर, सगळं मनाला लावून घ्यायची सवय आहे." पाच मिनिटं ऐकून डॉक्टर म्हणाले, "साहेब, जरा बाहेर बसता का? तुमच्याशी मी नंतर वेगळं बोलतो." मग पाऊण तास आम्ही दोघंच. झोप लागत नाही की टिकत नाही? सकाळी जास्त जड जातं की संध्याकाळी? मी म्हटलं, दुपारी चारनंतर जरा माणसात येते. ते त्यांनी लिहून घेतलं. पाळी, थायरॉइड, चालू औषधं, दारू, माहेरी-सासरी कुणाला असा त्रास, आधी कधी असं झालं होतं का. आणि एक अजब प्रश्न: आयुष्यात कधी याच्या अगदी उलट झालंय का, म्हणजे झोप नको, भूक नको, अंगात वारं भरल्यासारखं? माझं तसं काही नव्हतं. हा प्रश्न किती मोलाचा ते खाली कुणीतरी लिहीलच.

मग नऊ प्रश्नांचा कागद दिला, पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. माझे १६ आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा होता. तिथे मी 'कधीच नाही'वर खूण केली होती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तोंडी विचारलं, "सकाळी जाग आली की, आलीच नसती तर बरं झालं असतं, असं वाटतं का?"

मी म्हटलं, "हो, पण ते सगळ्यांनाच वाटतं ना?"

"नाही," ते म्हणाले. "सगळ्यांना नाही वाटत."

तिथे मला रडू आलं. वर्षभराचं.

पुढचंही त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं. कसं करायचं हे मनात ठरवलंय का, कधी प्रयत्न केला होता का. माझा समज होता की असं विचारल्याने नसलेलं खूळ डोक्यात शिरतं. उलट मला सुटल्यासारखं झालं. रक्त तपासायला लावलं: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी१२. बी१२ कमी निघालं, इंजेक्शनं घेतली, पण सगळं काही त्याने नव्हतं. एस्सिटालोप्रॅम ही नैराश्याची गोळी सुरू झाली, आठवडाभर पाच मिलिग्रॅम, मग दहा. पहिले दहा दिवस जास्तच वाईट गेले: मळमळ, जांभया, हातपाय जागेवर राहीनात. हे होईल असं आधी सांगितलं होतं म्हणून टिकले, नाहीतर पट्टी कचऱ्यात जाणार होती. तीन आठवड्यांनी रिक्षावाल्याशी सुट्ट्या दहा रुपयांवरून कडाकडा भांडले. वर्षभर मी सुटे न मागताच उतरत होते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याला कळेना यात खूश होण्यासारखं काय आहे.

रानवाट: आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. माझा नाही, बाबांचा अनुभव आहे. वय ५८, साडेपाच एकर कापूस. दोन वर्षं एकच पालुपद, "माह्या डोक्यात काही नाही, गुडघ्यातच हाय." हाडांचे डॉक्टर झाले, एक्स-रे झाले, एका महाराजांचा अंगाराही झाला. पारावर जाणं बंद. बैल विकला तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, तेव्हा मी घाबरलो. आशाताईंच्या सांगण्यावरून जिल्हा रुग्णालयात नेलं.

डॉक्टर मॅडम बाबांशी आधी गुडघ्याबद्दलच बोलल्या. बराच वेळ. मग कर्ज, पेरणी, जेवण, झोप. मग मला बाहेर घेऊन विचारलं, "फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?" आमच्याकडे ते बाबा झोपतात त्याच खोलीत, खाटेखाली. इतकी वर्षं तिथेच आहे, कुणाला काही वाटलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आज घरी जाऊन पहिलं काम ते. गोळी दुसरं." त्याच संध्याकाळी काकाच्या गोठ्यात नेऊन कुलूप लावलं, चावी काकूकडे. गोळ्यासुद्धा पंधराच दिवसांच्या दिल्या आणि माझ्या हातात दिल्या. गोळ्या फुकट मिळतात, पण एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो. पेरणीच्या धावपळीत दोन फेऱ्या चुकल्या आणि बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. परत सुरू केल्या. आता पारावर जातात. गोळीला अजून 'गुडघ्याची गोळी' म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो.

चार मिनिटं: सगळं छानछान नसतं हेही लिहून ठेवतो. मोठं हॉस्पिटल, दोन तास रांग, आत चार मिनिटं. "झोप येते? भूक लागते? बरं." पाच गोळ्या. कुठली कशाला, विचारलं तर "घ्या, बरं वाटेल." त्यात क्लोनाझेपाम ही झोपेची गोळी होती. ती थोडे दिवसच घ्यायची असते, सवय लागते, हे मला दीड वर्षाने दुसऱ्या डॉक्टरकडून कळलं. मधल्या काळात मी तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या घेत राहिलो. ती सुटायला पाच महिने गेले, पाव-पाव गोळी कमी करत. नैराश्याची गोळी आणि झोपेची गोळी यांतला फरक मात्र आता झोपेतही सांगेन.

निवडुंग: @चार मिनिटं, पण नैराश्याची गोळीही एकदम तोडू नका हो. मी शहाणपणा केला. बरं वाटतंय, मग कशाला, म्हणून बंद. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं. मला वाटलं मेंदूला काही झालं. डॉक्टर म्हणाले ही व्यसनाची लक्षणं नव्हेत, शरीराला उतरायला जिना द्यावा लागतो. तीन महिन्यांत हळूहळू उतरवली. आणि बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा-नऊ महिने घ्यायची असते. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

अर्धी भाकरी: 'अगदी उलट' प्रश्नाबद्दल मी लिहिते. माझे मिस्टर. सहा महिने अंथरुणात, अंघोळ नाही, कामावर नाही. डॉक्टरांना आम्ही तेवढंच सांगितलं, त्यांनी नैराश्याची गोळी दिली. पाचव्या आठवड्यात गडी उठला. आम्ही सत्यनारायण घातला! मग रात्री दोनला हॉलची भिंत रंगवायला घेतली. तासन्तास फोन. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही आणि चेहरा टवटवीत. मित्राच्या हॉटेलात घालायला एफडी मोडून आले, मला पत्ता नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी नणंदेलाही बोलावलं. कॉलेजात असताना दादा कसा होता? ती म्हणाली, एकदा महिनाभर फार उत्साहात होता, स्वतःची सायकल कुणाला तरी देऊन टाकली, आख्ख्या वाड्याला पंढरपूरला नेणार म्हणून याद्या करत बसला होता. घरात ती गोष्ट गंमत म्हणून सांगतात. डॉक्टर म्हणाले हा बायपोलर आहे, म्हणजे कधी नैराश्य, कधी असा अतिउत्साह, अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर कधीकधी असं उसळतं. आता लिथियम आहे, मन दोन्हीकडे झुकू नये म्हणून. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन पातळी बघायची, किडनी आणि थायरॉइड ठरावीक मुदतीने तपासायचे, पाणी भरपूर प्यायचं, आणि डोकं दुखलं म्हणून कुठलीही पेनकिलर परस्पर घ्यायची नाही. पहिल्या डॉक्टरांशी आम्ही खोटं बोललो नव्हतो. त्यांनी विचारलं नाही, आणि उत्साह हा आजार असतो हे आम्हाला कुठे ठाऊक?

पावसाळी: लंडनहून. इथे इंग्लंडमध्ये टॉकिंग थेरपीसाठी स्वतःच नाव नोंदवता येतं, जीपीची (इथल्या फॅमिली डॉक्टरची) चिठ्ठी लागत नाही. तोच नऊ प्रश्नांचा कागद दर वेळी भरायचा, आकडा खाली आला की थेरपिस्टही खूश. माझी अडचण वेगळीच. "कसं वाटतंय" याला माझ्याकडे इंग्रजीत चारच शब्द होते. जीव रमत नाही, जीव घाबरा होतो, जीव नकोसा झालाय, सगळ्याला एकच 'लो'. सहाव्या भेटीत तिने सांगितलं, आधी मराठीत बोल, मग मला समजावून सांग. मी 'पोरकं' म्हणालो आणि ते समजावता समजावता वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत आधीच्या पाच भेटींपेक्षा जास्त काम झालं.

आंब्याची आढी: मी म्हापशाचा. मला गोळी लागली नाही, समुपदेशनावर भागलं. ताईंनी लहानपण वगैरे काढलं नाही. वही दिली. दिवसभरात काय केलं आणि त्यानंतर मन कसं होतं, एवढंच लिहायचं. मग पुढच्या आठवड्याच्या दोन गोष्टी ठरवायच्या, मन असो नसो करायच्या. माझ्या होत्या बाजारातून मासे आणणे आणि भावाला फोन. मन झाल्यावर करू म्हणत बसलो तर मन होतच नाही, हे त्या वहीतच दिसलं. अशा सहा ते आठ बैठका. गोव्यात संगाथ या संस्थेने हीच पद्धत सरकारी आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून राबवून पाहिली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि ते चांगले होते.

तुळस: लिहू की नको करत होते. माझ्या आईला शॉक दिले. ६७ वर्षांची, जेवण सोडलं होतं. आपण कर्जबाजारी झालो, घर जप्त होणार, माझ्या वाटचं खाऊन पोरांना उपाशी ठेवू का, असं म्हणायची. कर्ज एक पैशाचं नव्हतं. गोळ्यांना वाट बघण्याइतका वेळ उरला नव्हता. शॉक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पिक्चरमधली ती दृश्यं आली. मी सहीचा कागद दोनदा परत केला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय शॉक देणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदच आहे. रात्रीपासून उपाशी ठेवलं, सकाळी नेलं, अर्ध्या तासात परत आणलं. काय होतं हो आत, विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "पायाची बोटं जरा हलतात, बास." पाचव्या वेळेनंतर आईने चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कुणी घातली ही? केवढी!" एकूण आठ झाले. त्या महिन्यातलं भाचीचं लग्न तिला आठवत नाही, फोटो दाखवले तरी नाही. ते तिला लागतं, आणि मलाही.

हिशोबी: मेडिक्लेममध्ये बसतं का हे? कुणी सांगेल का?

तुळस: त्याच कायद्यात आहे की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं. आईच्या ॲडमिशनचे पैसे मिळाले, दोन पत्रं लिहावी लागली. बाहेरच्या बाहेर तपासणी आणि गोळ्यांचे मात्र पॉलिसीत वेगळं कलम असेल तरच.

नवीन सदस्य: सगळं वाचलं. दोनदा. माझी उद्या साडेअकराची वेळ आहे. मिस्टर येणार म्हणतायत, आणि तेच बोलणार. त्यांना बाहेर बसा असं कसं सांगू?

धागाकर्ती: तुम्ही नका सांगू. नाव नोंदवताना रिसेप्शनवरच्या बाईंना हळूच म्हणा, मला डॉक्टरांशी आधी एकटीने बोलायचंय. पुढचं ते बघतात, त्यांचं रोजचं आहे. झोपेच्या वेळा, चालू गोळ्या आणि जे तोंडाने सांगता येणार नाही ते कागदावर लिहून न्या. कागद सरळ त्यांच्यापुढे सरकवला तरी चालतो. आणि खाली गाडीवर पंधरा मिनिटं बसायचं असेल तर सव्वाअकराला पोचा.