मदत हवी आहे : एका हाताने टॅलीवर काम

नमस्कार मंडळी,
माझा दादा नागपुरात धरमपेठेत एका खासगी ऑफिसात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर अकाउंट्स बघतो. अपघातात त्याचा उजवा हात निकामी झाला. डाव्या हाताने तो नेटाने काम करतो, पण नंबरपॅड कीबोर्डच्या उजव्या टोकाला. प्रत्येक व्हाउचरला हात आडवा न्यावा लागतो, दुपारपर्यंत खांदा भरून येतो. विंडोजमधलं स्टिकी कीज सुरू केलंय, त्यामुळे शिफ्ट-कंट्रोल धरून ठेवावं लागत नाही. खूप फरक पडला.

वेगळा यूएसबी नंबरपॅड डावीकडे ठेवून कोणी वापरतं का? सीताबर्डीत हाताळून बघता येईल असं दुकान सांगा. बटणं कडक निघाली तर त्रास वाढेल, म्हणून ऑनलाइन नको.

दुसरं, साहेबांना एंट्र्या पूर्वीइतक्याच हव्यात. सकाळी एंट्र्या, जेवणानंतर फोन आणि बँकेचा ताळमेळ, अशी वाटणी मागायची आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २१ प्रमाणे खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण ठेवायचं असतं. त्या आधारावर कोणी अर्ज दिलाय का? मजकूर कसा लिहिला? त्याच्याकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. भांडण नकोय, त्याला हीच नोकरी करायची आहे.