मदत हवी आहे: १९७.५ गुण मिळूनही हाय इन ट्रायल दुसऱ्याच कुत्र्याला, असं का?

मृण्मयी_एन्जे
लवकर उत्तर द्या प्लीज, पुढच्या ट्रायलची एंट्री बंद व्हायच्या आत ठरवायचंय. शनिवारी ओबीडिअन्समध्ये (कुत्र्यांची आज्ञापालनाची स्पर्धा) आमच्या चिंगीला २०० पैकी १९७.५ गुण मिळाले. वर्गात पहिली आली, निळी रिबन मिळाली, वर गडद हिरवीही. संध्याकाळी हाय इन ट्रायलची, म्हणजे अख्ख्या ट्रायलमधल्या सर्वोच्च बक्षिसाची, निळी-सोनेरी रोझेट द्यायची वेळ आली तेव्हा नाव पुकारलं एका बॉर्डर कॉलीचं, गुण १९५. अडीच गुणांनी खाली असलेला कुत्रा सगळ्यात वरचा कसा? टेबलावर विचारलं तर ‘ती यात बसत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. चिंगी देशी आहे, मिरजेहून आणलेली. बाकी सगळे गोल्डन, शेल्टी, पूडल. मला दुसरं कारण दिसत नाही. आम्ही ए मध्ये होतो. तक्रार कुठे करायची?

सह्यवारा
ए म्हणजे कशातलं ए? संस्था कोणती? एन्जे वरून न्यूजर्सी धरतोय, पण तिथेही एकापेक्षा जास्त संस्था ट्रायल भरवतात आणि प्रत्येकीचे नियम वेगळे.

अण्णा_कुपवाड
अभिनंदन! मिरजेचं नाव काढलंत. पण ताई, देशी कुत्र्याला डॉग शोमध्ये बेस्ट इन शो कसं देतील? परीक्षक जातीच्या मानकाशी ताडून बघतात. दात, चाल, खांद्याचा कोन. शिवाय नसबंदी केलेलं जनावर तिथे चालत नाही. तुमच्या चिंगीची झाली असेल तर तेच कारण.

गार्गी_लेस्टर
अण्णा, तो कन्फॉर्मेशन शो. हे ओबीडिअन्स आहे, इथे रूप बघत नाहीत, काम बघतात. नसबंदी झालेली कुत्री इथे खुशाल उतरतात.
मृण्मयी, क्लास ए म्हणजे चांगलीच मजल मारलीत. आमच्याकडे प्री-बिगिनर, बिगिनर, नॉव्हिस आणि मग ए, बी, सी. सी वर्गाच्या चॅम्पियनशिपमध्ये तिकीट (म्हणजे प्रमाणपत्र) मिळतं, वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन तिकिटं झाली की ओबीडिअन्स चॅम्पियन. तुम्ही ए ला असाल तर सर्वोच्च बक्षीस मिळणार नाही हे उघड आहे, अजून दोन पायऱ्या बाकी आहेत.

केदार_फिली
गार्गीताई, तुम्ही सांगताय ते ब्रिटनचं. अमेरिकेत ए आणि बी या पायऱ्या नाहीत. पायऱ्या तीन: नॉव्हिस, ओपन, युटिलिटी. नॉव्हिस पार केलं की सीडी हे टायटल (किताब), ओपन पार केलं की सीडीएक्स, युटिलिटी पार केलं की यूडी. ए आणि बी हे त्या त्या पायरीचे दोन भाग. नॉव्हिस ए म्हणजे हँडलर नवखा, ज्याने आधी कुठल्याच कुत्र्याला टायटल मिळवून दिलेलं नाही. बी मध्ये मुरलेले लोक. व्यायाम दोन्हीकडे तेच, गुणही तेच.
मृण्मयी, वर्गाचं पूर्ण नाव सांगा. त्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार.

वैदेही_के
मला वाटतं ती रॅली होती. रॅलीत पाट्या वाचत जायचं असतं, कुत्र्याशी बोलता येतं. आमच्या बीगलने तीच केली. रॅलीच करा, कुत्रं खूश राहतं, ओबीडिअन्सवाले फार ताठ असतात.

केदार_फिली
रॅली १०० गुणांची असते, ७० ला पास. १९७.५ कुठून येतील?

मृण्मयी_एन्जे
संस्था एकेसी, म्हणजे अमेरिकन केनेल क्लब. पाट्या होत्या, पण रॅली नव्हती. पट्टा लावून चालणं, दोन माणसांभोवती आठाचा आकडा, बसलेली असताना परीक्षक हात लावतात ते, मग तिला बसवून मी रिंगला एक फेरी मारली, आणि शेवटी पट्टा काढून हाक मारली. धावत आली आणि अगदी समोर नाकाच्या रेषेत बसली. परीक्षक स्वतः म्हणाले, छान. तिची नसबंदी झालेली आहे, कॅनाइन पार्टनर्समध्ये (एकेसीची मिश्र जातीच्या कुत्र्यांची यादी) नोंद आहे. माझा प्रश्न देशी असण्याबद्दल आहे, त्यावर कोणी बोलेल का?

केदार_फिली
मग उत्तर मिळालं. हे बिगिनर नॉव्हिस ए. पाच व्यायाम, प्रत्येकी ४० गुण, फक्त हाकेला पट्टा सुटतो.
हाय इन ट्रायल ही ‘रेग्युलर’ वर्गांतल्या सर्वाधिक गुणांच्या कुत्र्याला मिळते. रेग्युलर म्हणजे नॉव्हिस, ओपन आणि युटिलिटी, ए-बी धरून. बिगिनर नॉव्हिस, ग्रॅज्युएट नॉव्हिस, प्रिफर्ड हे सगळे ऑप्शनल टायटलिंग वर्ग. तिथे २०० पैकी २०० मिळाले तरी कुत्रा त्या रोझेटच्या शर्यतीत नसतो. टेबलावरच्या माणसाने हेच दोन वाक्यांत सांगायला हवं होतं, तुमचा राग समजू शकतो.
आता देशीचं. एप्रिल २०१० पासून मिश्र जातीची आणि नोंदणी नसलेली कुत्री कॅनाइन पार्टनर्समार्फत एकेसी ओबीडिअन्समध्ये उतरतात. नसबंदीची अट आहे, ती तुम्ही पाळली आहे. हीच चिंगी उद्या नॉव्हिसमध्ये १९७.५ घेऊन आली आणि बाकी सगळे खाली राहिले, तर रोझेट तिचीच.

सह्यवारा
१९५ वाली बॉर्डर कॉली कुठल्या वर्गात होती?

मृण्मयी_एन्जे
युटिलिटी बी. रोझेट देताना पुकारलं होतं.

केदार_फिली
मग त्या कुत्र्याने काय केलं ते ऐका. शब्दही न काढता नुसत्या हाताच्या खुणांवर चालणं, उभं राहणं, आडवं होणं, बसणं, येणं. त्यानंतर वासाची पारख. धातूच्या आणि कातड्याच्या एकसारख्या वस्तूंचा ढीग, त्यात हँडलरने हातात चोळलेली एकच. कुत्रा ढिगाभोवती नाक जमिनीला लावून फिरतो, एका वस्तूवर थबकतो, पुढे जातो, परत तिथेच येतो आणि उचलतो. चुकीची उचलली की पूर्ण फेरी नापास. पांढऱ्या तीन हातमोज्यांतला दाखवलेलाच आणायचा, दोन अडथळ्यांपैकी सांगितलेल्यावरूनच उडी मारायची. या सगळ्यात फक्त पाच गुण गेले.

गार्गी_लेस्टर
म्हणूनच आमची पद्धत मला बरी वाटते. वरच्या वर्गातल्यांची खालच्यांशी तुलनाच होत नाही.

केदार_फिली
न पटणारं आहे. इथे नॉव्हिस ए मधला पहिलटकर हँडलर युटिलिटीच्या दिग्गजांना मागे टाकून हाय इन ट्रायल घेऊ शकतो. ती संधी मोलाची आहे. आणि मुरलेल्यांसाठी वेगळं आहेच: ओपन बी आणि युटिलिटी बी मिळून सर्वाधिक गुण असले की निळी-हिरवी रोझेट. त्यापुढे ओटीसीएच, म्हणजे ओबीडिअन्स ट्रायल चॅम्पियन, ते १९७७ पासून आहे. त्याला १०० गुण आणि तीन पहिले क्रमांक लागतात.

वैदेही_के
पहिल्यापासून सांगतेय, रॅली करा.

अण्णा_कुपवाड
देशी कुत्र्याला दहीभातच द्या, तिकडचं सुकं खाणं मानवत नाही. माझ्या मोत्याला बारा वर्षं दिला, कधी डॉक्टर लागला नाही.

सह्यवारा
अण्णा, खाण्याचा वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.

मृण्मयी_एन्जे
केदार, धन्यवाद, आता उलगडलं. पण हे प्रीमियम लिस्टमध्ये (ट्रायलच्या माहितीपत्रकात) ठळक लिहायला काय हरकत आहे? नवीन माणूस सगळे गुण एका तक्त्यात बघतो. असो. आता खरा प्रश्न. चिंगीचे बिगिनर नॉव्हिसचे दोन लेग झालेत. तिसरा करू की थेट नॉव्हिसला जाऊ? सीडीसाठी हे लेग धरतात का?

केदार_फिली
धरत नाहीत. बीएन (बिगिनर नॉव्हिस) हे टायटल वेगळं, त्याचे तीन लेग वेगळे. सीडीसाठी नॉव्हिसमध्येच तीन लेग हवेत. लेग म्हणजे किमान १७० गुण आणि प्रत्येक व्यायामात निम्म्याहून जास्त. एखादा व्यायाम पुरता बिघडला तर बाकी सोनं असूनही लेग जातो. बीएन केलंच पाहिजे असं नाही, पण एकच लेग उरलाय तर तो करून टाका.
नॉव्हिसमध्ये दोन गोष्टी चिंगीला जड जातील. पहिली, पट्ट्याविना चालणं, ४० गुण. दुसरी, उभं राहून तपासणी. तुम्ही सहा फूट लांब, परीक्षक एका हाताने डोकं, पाठ, मागचा भाग स्पर्शतात. आपली देशी कुत्री अनोळखी माणूस वरून वाकला की पाऊल मागे घेतात. पाऊल हललं की गुण गेले, घाबरून बाजूला सरकली तर व्यायामच गेला.

गार्गी_लेस्टर
हे अगदी खरं. माझ्याकडेही कोल्हापूरची देशी आहे. मी शेजाऱ्यांना रांगेने बोलावून तिला हात लावायला लावला. आधी बाजूने, मग समोरून, टोपी घातलेला माणूस सगळ्यात शेवटी. प्रत्येक स्पर्शाला चिकनचा तुकडा.

सह्यवारा
खाऊ रिंगमध्ये चालत नाही ना?

गार्गी_लेस्टर
रिंगमध्ये नाही, सरावात. रिंगमधून बाहेर आलं की द्यायचा.

प्राजक्ता_डॅलस
अवांतर: मृण्मयी, मिरजेहून कुत्री कशी नेली? माझी सांगलीत आहे, पाच महिन्यांची. आईकडे ठेवून आलेय, रोज व्हिडिओ कॉलवर रडते.

केदार_फिली
ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालचं कुत्रं अमेरिकेत घेतच नाहीत. मायक्रोचिप आधी, रेबीजची लस त्यानंतर, उलटं झालं तर ग्राह्य नाही. भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे, त्यामुळे कागद जास्त आणि उतरायला विमानतळही ठरलेलेच. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

मृण्मयी_एन्जे
प्राजक्ता, तुला विपूत (विचारपुशीत) लिहिते. केदार, तिसरा लेग भरते मग. तपासणीसाठी टोपीवाला माणूस कुठून आणू, इथे एडिसनजवळ कोणी आहे का सरावाला?

सह्यवारा
मी पिस्कॅटवेला. रविवारी सकाळी मोकळा असतो, टोपी आहे, आणि दाढीही.