नाशकात एआय कॉन्फरन्स भरवून हाताला काय लागतं? अनुभवी लोकांनी सांगा

गंगापूररोडकर:
हल्ली प्रत्येक जिल्ह्याच्या गावाला एआय समिट हवीये राव. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, नाशिक सोडायचं नाहीये. आमच्या ग्रुपमध्ये इथंच दोन दिवसांची कॉन्फरन्स घ्यायचं चाललंय, हॉल, स्पीकर, स्पॉन्सर सगळं बोलणं सुरू आहे. पण त्यातून खरंच हब वगैरे होतं का, का नुसते लॅनयार्ड घालून फोटो?

कॉलेजरोड_कट्टा:
फोटोच. अंबडची आयटीची बिल्डिंग किती वर्षं रिकामी पडून होती आठवतंय ना? पोरं इथं शिकतात आणि पुणे नाहीतर बेंगळुरू गाठतात, समिटने ते थांबत नसतं.

रामकुंड_डेव्ह:
कट्टा, बिल्डिंगचं बरोबर आहे पण कुंभथॉन विसरलास, कुंभातले प्रश्न सोडवायचे कॅम्प. २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरी झाली होती, म्हणून २०१५ च्या सिंहस्थाआधी एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर (आपल्या नाशिकचेच) यांच्या पुढाकाराने इथं कॅम्प झाले, आणि तिथं भाषणं कमी, कामं जास्त. गर्दी कशी मोजायची हा प्रश्न घेऊन बसले तर नाशिकच्या एका शाळकरी पोराने टीमसोबत पाय पडला की मोजणारी चटई केली, आशिओटो नावाची, आणि ती कुंभात अंथरली पण. पुढे टीसीएसचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर, म्हणजे नव्या कल्पनांवर काम करायचं केंद्र, इथंच उभं राहिलं. आता २०२७ चा कुंभ तोंडावर आलाय, विषय शोधायला लांब जायची गरजच नाही. आधी प्रश्न ठरवा, हॉल नंतर.

दिंडोरीचा_बागायतदार:
मी आयटीवाला नाही, द्राक्षवाला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डावणीची (बुरशीचा रोग) भीती, मग दिसेल ती फवारणी. बऱ्याच बागांत आता वेदर स्टेशन आलेत, पान किती तास ओलं राहिलं ते कळतं, त्यावरून मारायचं का थांबायचं ते ठरवतो. युरोपला माल पाठवायचा तर रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश, तपासतात, म्हणून एक फवारणी वाचली तरी फरक पडतो. पण ॲपवरचा अलर्ट इंग्रजीत आला तर आमचा फवारणीवाला वाचणार काय? यावर कुणी बोलणार असेल तर मी येतो, गाडीत चार जण भरून.

सातपूर_सीएनसी:
+१. आमच्या मशीन शॉपमध्ये कापायचं टूल कधी तुटणार हे आधी कळलं तर हवंच आहे. पण डेटाच नाही ओ, सगळं सुपरवायझरच्या वहीत. त्या वहीचं काय करायचं ते शिकवा, चॅटजीपीटी म्हणजे काय यावर तासभर नको. तिकीट लावलंत तरी चालेल पण रविवारी ठेवा, शनिवारी सुट्टी नसते.

गंगापूररोडकर:
हे भारी झालं. स्पीकरची यादी बाजूला ठेवतो. बागायतदार दादा, बागेचा जुना डेटा मिळेल का, नाव काढून? आणि सीएनसी भाऊ, वहीच्या दोन पानांचे फोटो डीएम करा, अक्षर कसं आहे ते आधी बघू.

सातपूर_सीएनसी:
अक्षर डॉक्टरासारखं आहे, आधीच सांगतो 😅