अनुभव धागा: तुटपुंज्या पैशांत उभारलेले सामायिक कार्यालय

रंधा:
काल जुन्या वहीत आलेख-कागदावर काढलेला एका खोलीचा आराखडा सापडला आणि वेगवेगळ्या व्यवसायांतल्या आम्ही तिघांनी मिळून थाटलेल्या कार्यालयाची आठवण जागी झाली. भाडे आणि अनामत भरल्यानंतर हाती जे उरले होते, त्याला अंदाजपत्रक म्हणणेही धाडसाचे ठरले असते. त्यामुळे एकही वस्तू विकत घेण्याआधी आम्ही जमिनीवर कागदी चिकटपट्टीने टेबले, खुर्च्या आणि कपाटाची उघडी दारे खऱ्या मापात आखली आणि काही दिवस त्या आखणीतच वावरलो. कागदावर ऐसपैस दिसणारी वाट खुर्ची मागे सरकताच बंद होते, हे त्या पट्ट्यांनी फुकटात दाखवून दिले. टेबलाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत निदान 90 सेंटिमीटर, आणि मागून कोणी ये-जा करणार असेल तर सुमारे 120 सेंटिमीटर जागा सोडावी, हा हिशेब तेव्हापासून मी सोडलेला नाही.

टेबलांसाठी 18 मिलिमीटर जाडीचा, 8 बाय 4 फुटांचा प्लाय घेतला. त्यातून जवळजवळ 4 बाय 2 फुटांचे चार पृष्ठभाग निघतात आणि करवतीचा भुसा सोडला तर काहीही वाया जात नाही. मात्र दोन टेकूंमधले अंतर वाढले की प्लायला झोळ पडतो, म्हणून खालून लांबीच्या दिशेने एक लाकडी पट्टी उभी ठोकून घ्यावी लागते. तुम्ही पैसा कुठे घातला आणि कुठे हात आखडता घेतला, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

उंबरठा:
आमच्याकडे प्लायसुद्धा परवडण्यासारखा नव्हता, म्हणून आम्ही घराच्या नूतनीकरणातून निघालेली दारे लाकडी घोड्यांवर आडवी टाकली. ॲमेझॉननेही 1995 च्या सुमारास दारांचीच टेबले केली होती, हे कळल्यापासून आमच्या दरिद्री थाटाला परंपरा लाभली. कुलपाच्या भोकातून वायर खाली सोडता येते, हा वरचा नफा समजावा. मात्र ज्यांना दार वापरायचे असेल त्यांनी ते आधी बोटाने वाजवून पाहावे. आतून पोकळ असलेल्या दारात मधोमध स्क्रू धरत नाही, तो फक्त कडेच्या चौकटीत धरतो.

तिसरी खुर्ची:
टेबल कशाचेही चालते, परंतु खुर्चीत काटकसर करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. (मुलाला शिकवणीला सोडून बाहेर थांबले आहे, उरलेले नंतर लिहिते.)

कवडसा:
आम्ही सर्वांत जास्त विचार उजेडाचा केला आणि त्याला खर्च सर्वांत कमी आला. लिहिण्या-वाचण्याच्या कामासाठी टेबलाच्या पृष्ठभागावर साधारण 500 लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असावा, असे मानक आहे. तेवढा उजेड संपूर्ण खोलीभर पसरवायचा म्हटले तर दिवे आणि वीज दोन्ही महाग पडतात. त्याऐवजी छताला मोजके दिवे ठेवून प्रत्येक टेबलावर मान वळणारा स्वतंत्र दिवा दिला. सगळे दिवे 4000 केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपासचेच घेतले, कारण एक पिवळा आणि शेजारचा निळसर असा प्रकार झाला की नीटनेटकी खोलीसुद्धा गोदामासारखी दिसू लागते. छताला चकाकी नसलेला पांढरा रंग दिला. टेबले अशी वळवली की खिडकी बसणाऱ्याच्या बाजूला येईल. ती पाठीमागे आली तर पडद्यावर चमकते आणि समोर आली तर डोळ्यांत शिरते. या फेरबदलाला शून्य खर्च आला, फक्त खिडकीजवळची जागा कोणाची यावरून एक पूर्ण संध्याकाळ वाद चालला.

रंधा:
कवडसा, तो वाद कसा मिटला, तेही लिहा. आमच्याकडे तो अखेरपर्यंत मिटला नाही.

कवडसा:
जो सर्वांत लवकर येऊन खिडकी उघडेल आणि खोली झाडेल त्याला ती जागा, असे ठरले आणि स्पर्धा आपोआप ओसरली!

कानोसा:
सामायिक कार्यालयात भांडणाचे मूळ जागेपेक्षा आवाजात असते, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजारच्या खोलीतला आवाज थांबावा म्हणून आमच्या एका भागीदाराने भिंतीवर स्पंजचे तक्ते चिकटवले होते. त्यांनी आमच्या खोलीतला घुमारा थोडा कमी झाला, पण शेजारच्यांचे संभाषण आम्हाला पूर्वीइतकेच पाठ होत राहिले. आवाज शोषणे आणि आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि अडवण्यासाठी वजनदार भिंत व फटी बुजवलेले दार लागते. फटींना रबरी पट्टी लावणे हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग होय. शोषण्यासाठी आम्ही लाकडी चौकटीत खनिज लोकर (दगडापासून काढलेल्या तंतूंचा कापसासारखा थर) भरून वरून जाडेभरडे कापड ताणले आणि चौकटी भिंतीला चिकटवण्याऐवजी मध्ये थोडी पोकळी सोडून टांगल्या. त्या पोकळीमुळे तेवढीच लोकर खालच्या पट्टीतले आवाजही अधिक शोषते.

उंबरठा:
त्या लोकरीने अंग खाजत नाही का?

कानोसा:
भरताना खाजते, म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मुखपट्टी घालावी. कापड ताणून बसवल्यावर आम्हाला त्रास झाला नाही.

आडभिंत:
आडोसे नसलेल्या मोकळ्या मांडणीने माणसे एकमेकांशी अधिक बोलतात, हा समज मला कधीच पटला नव्हता. दोन कंपन्यांनी मोकळी मांडणी स्वीकारल्यावर समोरासमोरचे संभाषण सुमारे 70 टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. आमचे निरीक्षणही याला जुळणारे आहे. आम्ही दोन्ही बाजूंनी उघडी असलेली पुस्तकांची फळ्यांची मांडणी (रॅक) मध्ये आडवी उभी केली आणि वरच्या टोकाला ती भिंतीशी पट्टीने जखडली, जेणेकरून ती कलंडू नये. नजर अडते, हवा खेळती राहते आणि सामानही मावते. गंमत अशी की कार्यालयातल्या ज्या खुराड्यांना (क्युबिकलना) आपण नावे ठेवतो, त्यांचा उगम असलेली ‘ॲक्शन ऑफिस’ ही 1960 च्या दशकातली रचना माणसाला मोकळीक मिळावी म्हणून आखली गेली होती. पुढे काटकसरीने तिचे खोके झाले. काटकसर आपणही करतोच आहोत, तेव्हा सावध असलेले बरे.

तिसरी खुर्ची:
परत आले. बंद होणाऱ्या एका कार्यालयातून आम्ही वापरलेल्या खुर्च्या घेतल्या. घेण्यापूर्वी प्रत्येक खुर्ची पूर्ण उंचीवर नेऊन तीत थोडा वेळ बसून राहावे. हळूहळू खाली उतरत असेल तर गॅसचा दांडा निकामी झाला आहे, असे समजावे. चाके आणि कापड बदलता येते, पण पाच पायांच्या तळाला चीर असल्यास ती खुर्ची फुकटही घेऊ नये.

मीटर:
विजेबद्दल अजून कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. एका लॅपटॉपला साधारण 65 वॅट लागतात, पाणी उकळण्याच्या किटलीला 1500 वॅटच्या पुढे. दोन्ही एकाच जोडपट्टीवर (एक्स्टेन्शन बोर्डवर) आणि ती जोडपट्टी दुसऱ्या जोडपट्टीवर, हे दृश्य मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. सजावटीचे सगळे पैसे कापा, पण परवानाधारक तंत्रज्ञाकडून किटलीसाठी स्वतंत्र जोडणी घ्या.

हिशेबनीस:
एक कोरडा मुद्दा मांडतो. आम्ही प्रत्येक वस्तू सामायिक पैशांतून घेतली नाही. खुर्च्या एकाच्या, कपाट दुसऱ्याचे, दिवे तिसऱ्याचे, अशी मालकी लिहून ठेवली आणि फक्त रंग व वायरिंगचा खर्च समान वाटला. भाड्याच्या जागेत भिंतीला कायमचे काहीही जडवले नाही. एक भागीदार बाहेर पडला तेव्हा तो आपले कपाट घेऊन गेला आणि कोणालाही आरी चालवावी लागली नाही.

रंधा:
हिशेबनीस, ही यादी करारातच जोडली होती, की वेगळ्या कागदावर सह्या घेतल्या होत्या?

हिशेबनीस:
वेगळ्या कागदावर, तिघांच्या सह्यांसह, आणि प्रत्येकाकडे एकेक प्रत. कपाटाच्या किल्ल्यांची संख्यासुद्धा त्यात लिहिली होती.