पुरवणीतले साहेब आणि आतल्या पानावरची बातमी

नदीकाठचा :
गेल्या आठवड्यात गावी गेलो होतो. आमदारांचा वाढदिवस. तीन पेपरांच्या तीन रंगीत पुरवण्या आणि तिन्हींत साहेब 'विकासपुरुष'. आतल्या पानावर, निधनवार्तांच्या खाली, चार ओळी होत्या : प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेचं काम रखडलं. कोणामुळे रखडलं, पत्ता नाही. ठेकेदाराचं नाव नाही. (त्याची पाव पान शुभेच्छा जाहिरात मात्र पुरवणीत होती, फोटोसकट.)

माझं म्हणणं एवढंच. पत्रकारितेचा राजकारणावर वचक वगैरे आपण ६ जानेवारीला पत्रकार दिनी बोलतो, बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालतो. प्रत्यक्षात तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. मानधन म्हणजे पेट्रोलचे पैसे, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिरात देणार कोण? बाजार समितीचा सभापती, कारखान्याचा चेअरमन, ठेकेदार. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच दारात पावतीपुस्तक घेऊन उभं राहायचं.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत जे दिसलं ते याचंच मोठं रूप. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची तोंडभरून स्तुती करणारा मजकूर एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते उघड केलं. चव्हाणांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. एवढ्यात तालुका आवृत्तीत प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात तरी बसेल का, शंकाच आहे.

काळा कोट :
अर्धीच गोष्ट सांगितलीत. निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये 'हिशेब रीतसर दिला नाही' म्हणून चव्हाणांना नोटीस दिली खरी, पण सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. सारखा मजकूर छापून आला हे खरं, पण त्यासाठी त्यांनी पैसे मोजले हे शाबीत झालेलं नाही. एवढं तरी लिहायला हवं होतं.

दुसरं म्हणजे, बातमी आली आणि सरकार हललं, हा पत्रकार मंडळींचा लाडका समज. मुख्यमंत्री अंतुल्यांचं सिमेंट प्रकरण घ्या. बातमी ३१ ऑगस्ट १९८१ ची, राजीनामा जानेवारी १९८२ मधला. मधल्या साडेचार महिन्यांत बातमीने काय केलं? खुर्ची हलली ती प. बा. सामंत आणि इतरांच्या याचिकेवर न्या. लेंटिन यांनी निकाल दिला तेव्हा.

कोकणकडा :
वकीलसाहेब, त्या याचिकेला हवा कुणी दिली? सिमेंट तेव्हा कंट्रोलचं. घर बांधायला परमिटसाठी लोक चपला झिजवत होते, आणि बिल्डरांना अंतुल्यांच्या ट्रस्टला देणगी दिली की जादा कोटा मिळत होता. हे कुणाला कुजबुजीत माहीत नव्हतं असं नाही. पण अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये ट्रस्टची नावं आणि आकडे मांडले तेव्हा त्या कुजबुजीचा पुरावा झाला. आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलंच. बातमीमुळेच उठवलं असा सुतावरून स्वर्ग मी गाठणार नाही, टंचाई जुनीच होती. पण परमिटराज कसं नासतं याचं उदाहरण तोवर सगळ्या देशाने वाचलं होतं.

(अंतुल्यांची आठवण निघाली म्हणून : संजय गांधी निराधार योजनाही त्यांच्याच काळातली. त्यावर पुरवणी निघाली असेल तर ती खरीच म्हणायची.)

रद्दीवाला :
एवढं इतिहासात कशाला जायचं? भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष बावनकुळे यांची सप्टेंबर २०२३ मधली ध्वनिफीत विसरलात? पत्रकारांना ढाब्यावर चहाला न्या, म्हणजे विरोधात छापून येणार नाही. आणि चहा म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच, असंही वर. गावोगाव हातात बूम घेतलेली यूट्यूबवाली पोरं फिरतात, त्यांना तर चहाही लागत नाही, वडापाववर भागतं. विषय संपला.

माजी वार्ताहर :
विषय संपला नाही. बावीस वर्षं एका जिल्हा दैनिकाला बातम्या दिल्या. 'विकासपुरुष' मीच लिहायचो, दरवर्षी, फक्त तारीख बदलून. लाज वाटते का? वाटते. पण त्याच हाताने दुसरंही लिहिलंय.

एका उन्हाळ्यात आमच्याकडच्या एका वाडीवर टँकर चालू होता. लॉगबुकात रोज चार खेपा, विहिरीत पडायच्या दोन. सह्या चारांवर. मी वाडीवर दोन दिवस बसून खेपा मोजल्या आणि बातमी दिली. आली पान पाचवर, दीड कॉलम, नाव नाही. आता पुढचं तुम्हा शहरवाल्यांना ठाऊक नसतं. जिल्हा माहिती कार्यालयात रोज सकाळी पेपरांची कात्रणं निघतात, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर जातात. कात्रणावर शेरा पडला की तहसीलदाराला खुलासा करावा लागतो. आमदाराचं भाषण तो हसत ऐकतो, कात्रणाला मात्र घाबरतो, कारण कात्रण फायलीला लागतं. आठव्या दिवशी वाडीवर चार खेपा सुरू झाल्या.

काळा कोट म्हणतात बातमीने काय होतं. एवढं होतं. धोरण मुंबईत ठरतं, पण वाडीला पाणी पडलं की नाही ते पान पाचवरच कळतं.

आणि नदीकाठचा, जाहिरात घेतली म्हणजे तोंड शिवलं, हेही पूर्ण खरं नाही. एका गटाची जाहिरात असली की दुसऱ्या गटाची भानगड बिनधास्त देता येते. तालुक्यात दोन गट असले की वाचकाला निम्मं निम्मं करून सगळं कळतं. खरी पंचाईत दोन्ही गट एका पक्षात गेल्यावर झाली. आणि हो, त्या टँकरवाल्याची दिवाळी अंकाची जाहिरात कायमची गेली. कमिशन बुडालं ते माझं, संपादकाचं नाही.

काळा कोट :
कात्रणाचं मान्य. पण तिथेही काम कात्रणाने केलं की फायलीने? असो, हटवादीपणा नको.

नदीकाठचा :
दादा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही माझाच मुद्दा सांगताय. खरी बातमी दिली की दंड वार्ताहराला. आणि म्हातारपणी त्याला हात द्यायला पुढे येतं कोण, तर सरकार! जांभेकरांच्या नावाने ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजना आहे, महिना ११ हजार होते, नंतर २० हजार केले. ज्याच्यावर लिहायचं त्याच्याकडूनच पेन्शन. मला हे पटत नाही.

माजी वार्ताहर :
पटू नका देऊ. मला ते मिळतही नाही. अनुभवाचा पुरावा मागतात, आणि दैनिकाने मला नियुक्तीपत्रच कधी दिलं नाही. ओळखपत्र दिलं होतं, त्यावर मागे 'वेतनावर हक्क नाही' असं छापलेलं.

कोकणकडा :
पेन्शनचं राहू द्या, जिवंत राहण्याचं बोला. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांची रिफायनरीसंबंधी बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने कायदा केला तो २०१७ चा. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. रद्दीवालेसाहेब, वडापाववर भागणाऱ्यांसाठी कुणी गाडी घालत नाही.

रद्दीवाला :
ते बोलायला नको होतं. मागे घेतो. चहाचं मात्र मागे घेत नाही.

माजी वार्ताहर :
नदीकाठचा, तुमच्या त्या पाणी योजनेचं सांगतो. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. फक्त तीन गोष्टी मागा : कार्यारंभ आदेश, मुदतवाढीची पत्रं आणि आजवर अदा केलेली बिलं. 'योजना का रखडली' असं विचारू नका, 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून कळवतील. कागद आले की मला पाठवा, बातमी लिहून देतो. छापतील का ते मात्र दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा झाल्यावरच सांगता येईल.