अमेरिकेत लिबरल आर्ट्सला म्युझिक मेजर: मुलीचं गाणं मागे पडेल का?

मिरजेचा_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावीला आहे, सायन्स. सात वर्षांची असल्यापासून गाणं शिकतेय, मध्यमा परीक्षा पूर्ण झाली, विशारदची तयारी चालू आहे. मेडिकल इंजिनियरिंग नको म्हणते, ते आम्ही दोघांनी मान्य केलंय. माझ्या मनात पुण्याचं ललित कला केंद्र होतं पण हिनं कनेक्टिकटमधल्या वेस्लियन युनिव्हर्सिटीचं नाव धरून ठेवलंय, तिथे संगीतात बीए करायचं आणि जोडीला गणितही घ्यायचं म्हणते. तिच्या गाण्याच्या बाई म्हणतात अठरा ते बावीस ही गळा घडायची वर्षं, तेव्हा गुरूसमोरून उठायचं नसतं. त्यात खर्च वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या आसपास, आम्ही दोघं नोकरदार. कुणी या वाटेनं गेलं असेल तर मनापासून सांगा.

काळी_चार
काका, मी गेले होते, दुसऱ्या एका छोट्या कॉलेजात, नाव नको. पहिली गोष्ट ही की बीए आणि बीम्यूझ (बॅचलर ऑफ म्युझिक) यात फार फरक आहे. बीम्यूझ म्हणजे कॉन्झर्व्हेटरी, संगीताचं खास विद्यालय, तिथे ऑडिशन, आणि जवळपास दोन तृतीयांश कोर्स संगीताचेच. लिबरल आर्ट्सच्या बीएला साधारण एक तृतीयांश संगीत, बाकी इतिहास, सायन्स, भाषा, जे आवडेल ते. म्हणजे तिथे तिला कुणी गायिका बनवून देणार नाही. संगीताकडे बघायची नजर मात्र मिळते आणि ती खरंच मिळते, मला मिळाली.

पहिलं सेमिस्टर जड जातं. मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्य स्वरलिपी, ओ की ठो येत नव्हतं, आणि पहिल्याच थिअरीच्या कोर्सला चार आवाजांची हार्मनी, म्हणजे एकाच वेळी गायचे वेगवेगळे सूर, लिहायला बसवलं. त्यात नियम असा की दोन आवाजांनी सा-प एवढं अंतर ठेवून एका दिशेला सरकायचं नाही, पॅरलल फिफ्थ म्हणतात त्याला. जन्मभर तंबोऱ्यातला षड्ज-पंचम ऐकून वाढलेल्या मुलीला हे चुकीचं का वाटावं तेच कळेना, वहीभर लाल खुणा. मग हळूहळू समजलं की तिकडे चारही आवाज स्वतंत्र चालीनं जायला हवेत, पंचमात बांधले की दोघांचा एकच होतो. हे ज्या दिवशी कानाला कळलं त्या दिवसापासून बाख हा जर्मन संगीतकार वेगळाच ऐकू यायला लागला.

इअर ट्रेनिंगला, म्हणजे ऐकून सूर ओळखायला, मात्र आपली मुलं पुढे असतात, पण एक विचारून घ्या, सॉल्फेज (त्यांची डो-रे-मीची सरगम) मूव्हेबल डो आहे की फिक्स्ड. मूव्हेबल म्हणजे आपला सा, कुठेही धरा. फिक्स्ड असेल तर डो म्हणजे कायम पेटीची पांढरी एक, आणि काळी चारच्या सा ची सवय असलेल्याला ते फार छळतं.

रियाझाचं खरं सांगते, माझा दुसऱ्या वर्षी सुटला होता. माझ्या बाईंबरोबर व्हिडिओ कॉलवर शिकायचे पण आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे बरोबर गाता येत नाही, त्यांच्या मागे मागे जायची जी सवय असते तीच बंद पडते. शेवटी मी सकाळी सहाला तळघरातल्या प्रॅक्टिस रूममध्ये तासभर गाऊन रेकॉर्डिंग पाठवायचे आणि त्या चुका सांगून परत पाठवायच्या. त्यावर गाणं टिकलं. वाढलं ते सुट्टीत घरी आल्यावर.

षड्जपंचम
वेस्लियनबद्दल एक महत्त्वाचं राहिलं. तिथे भारतीय संगीताची परंपरा साठ वर्षांची आहे पण ती कर्नाटक संगीताची. मृदंगमवादक टी. रंगनाथन 1963 मध्ये तिथे शिकवायला गेले, त्यांचे भाऊ बासरीवादक टी. विश्वनाथन यांनी तिथे वर्षानुवर्षं शिकवलं, बहीण, भरतनाट्यम नर्तकी बालसरस्वतींनीही शिकवलं. जॉन हिगिन्स, ज्यांना लोक हिगिन्स भागवतर म्हणायचे, ते तिथलेच विद्यार्थी. नवरात्र महोत्सव 1976 पासून होतो. शिवाय जावाचा गॅमेलान, म्हणजे घंटा-थाळ्यांसारख्या वाद्यांचा मोठा संच, आहे, 1964 च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरमधून आणलेला, आणि विद्यार्थी तो स्वतः वाजवतात. एवढं एका छोट्या गावात मिळणं दुर्मिळ आहे. पण आपला हिंदुस्थानी ख्याल शिकवणारं माणूस रोज समोर असेल हे गृहीत धरू नका, डिपार्टमेंटला ईमेल करून विचारा. माझ्या मते तिनं तिकडे जाऊन कर्नाटक शिकावं, स्वतःचा ख्याल बाजूला न ठेवता. तोच राग दोन पद्धतींत गायला की आपण काय गृहीत धरून बसलो होतो ते उघडं पडतं.

दोन_मुलांची_आई
पैशाचं सांगते, आम्ही दोन वर्षं यातच होतो. वेस्लियनला एशियन स्कॉलर्सची पूर्ण ट्यूशनची स्कॉलरशिप आहे हे बघून आम्ही हरखलो, पण देशांच्या यादीत भारत नाही. बाहेरच्या मुलांना तिथे मदत मिळते, मात्र ती मागितलीत तर प्रवेशाच्या निर्णयात धरली जाते. ॲमहर्स्टसारखी थोडी कॉलेजं तसं करत नाहीत आणि गरज असेल तेवढं देतात, तिथे सीटा मोजक्या. दोन्हीकडे अर्ज करा.

गणित डबल मेजर, म्हणजे दुसरा मुख्य विषय, म्हणून ठेवू द्या. नुसत्या संगीतावर शिक्षणानंतर कामाची परवानगी एक वर्षाची, गणिताची डिग्री असली की आणखी दोन वर्षं वाढवून मिळू शकतात.

मिरजेचा_बाबा
सगळ्यांचे आभार. मुलीला वाचून दाखवलं, कर्नाटकचं ऐकून तिचा चेहराच खुलला. रविवारी बाईंकडे जाऊन बसतो, त्यांची परवानगी मला महत्त्वाची वाटते. अर्जाला रेकॉर्डिंग लागतं म्हणे, बडा ख्याल द्यावा का? आणि तंबोरा न्यायचा का, भोपळ्याची भीती वाटते.

काळी_चार
काका, वेळेची मर्यादा बघा, बडा ख्याल त्यात बसत नाही. थोडी आलापी आणि एक द्रुत बंदिश, सोबत दोन ओळी लिहा की यातलं बहुतेक तिनं त्याच क्षणी रचलंय, तिथल्यांना ते आपोआप कळत नाही. भोपळ्याचा तंबोरा नको, हिवाळ्यात हीटरनं हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकतं. मिरजेतच बॉक्स तंबोरा मिळेल, चपटा असतो, तो द्या तिला.